मामाचे पत्र, जमालशाहीचा कोडा

जून महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात, पावसाने उघडीप दिली होती अशा एका दुपारी, मी चौथीच्या मुलांना शाळेच्या मागच्या अंगणात गोल बसवले आणि ‘मामाचं पत्र हरवलं’ खेळायला लावले. चाकणच्या औद्योगिक पट्ट्याला लागून असलेल्या एका गावात आमची शाळा आहे. वर्गातली निम्मी मुले गावातली असतात. उरलेली कारखान्यांच्या, गोदामांच्या आणि बांधकामांच्या मागोमाग आलेली असतात. कोणी लातूर-नांदेडकडचे, कोणी कलबुर्गीचे, कोणी उत्तर प्रदेशातले, एखाद-दोन रखवालदारांची नेपाळी मुले. त्या वर्षी बिहारमधल्या सीतामढीकडचा एक मुलगा नुकताच दाखल झाला होता. त्याला मराठी येत नव्हते आणि आठवडाभरात तो वर्गात कोणाशीही बोलला नव्हता. त्याने चार मुलांत मिसळावे, एवढ्याच हेतूने मी तो खेळ निवडला होता, कारण त्यात बोलावे फारसे लागत नाही.

वर्तुळाभोवती फिरणाऱ्या मुलीने रुमाल नेमका त्याच्याच पाठीमागे टाकला. त्याच्या ते लगेच ध्यानात आले. तो उठला, पण त्या मुलीच्या मागे धावण्याआधी त्याने रुमालाला भराभर पीळ दिला, टोकाला गाठ मारली आणि शेजारच्या मुलाच्या पाठीवर तो सणसणीत ओढला. शेजारच्या मुलाला रडू कोसळले, “बाई, हा मारतो!” असा गलका झाला, आणि मी पुढे होऊन रुमाल काढून घेतला व त्याला भिंतीशी उभे केले. मान खाली घालून तो एवढेच म्हणाला, “मॅडमजी, इसने पीछे देखा था.”

त्या वाक्याचा अर्थ मला दुसऱ्या दिवशी कळला. सकाळी त्याची आई त्याला सोडायला आली तेव्हा मी तिला घडले ते सांगितले. तिने पदर तोंडाशी धरला, आणि मग जरा संकोचत, फाटकापाशी उभ्या उभ्याच, ती ओळ म्हणून दाखवली: “कोडा जमालशाही, पीछे देखे मार खाई.” हा खेळ उत्तर भारतातल्या गावोगावी खेळतात. मुले गोल बसतात, एकाच्या हातात पीळ दिलेले फडके म्हणजे कोडा असतो, तो बाहेरून फिरत फिरत कोणाच्या तरी पाठीमागे कोडा टाकतो. बसलेल्यांनी मागे वळून पाहायचे नाही, हात मागे नेऊन चाचपडायचे. जो मागे पाहील त्याला कोडा बसतो. तिच्या मुलाने खेळ बिघडवला नव्हता. नियम मोडणाऱ्याला, त्याला ठाऊक असलेल्या नियमाप्रमाणे, त्याने शिक्षा दिली होती, आणि नियम पाळल्याबद्दल मी त्याला भिंतीशी उभे केले होते.

ही चूक मला फार लागली. वीस वर्षे मुलांना शिकवूनही, वर्तुळात बसलेल्या प्रत्येक मुलाच्या डोक्यात तोच खेळ चालू आहे असे मी गृहीत धरले होते. त्या दिवशी मधल्या सुट्टीनंतर मी त्या मुलाला पुढे बोलावले, सगळ्या वर्गासमोर माझे चुकले असे सांगितले आणि त्याचा खेळ आम्हा सर्वांना शिकवायला त्याला विनंती केली. तो हिंदीत बोलला, मधूनच त्याच्या घरच्या बोलीत शिरला, आणि जिथे शब्द पुरले नाहीत तिथे त्याने हातांनी दाखवले. मुलांना सगळे कळले. कोडा मऊ असावा, तो पाठीवरच मारावा आणि डोक्याला लागता कामा नये, हे नियम त्यानेच सांगितले. आठवडाभर गप्प राहिलेला तो मुलगा त्या दुपारी वर्गाचा गुरुजी झाला होता.

परक्या माणसांची ओळख मुलांना करून द्यायची असेल तर ओळखीच्या खेळाइतके चांगले साधन दुसरे नाही, हे मला तेव्हापासून पटत गेले. पण त्यासाठी खेळ ओळखीचाच असावा लागतो आणि त्यातली एकच गोष्ट बदललेली असावी लागते. संपूर्ण नवा खेळ आणला तर मुलांचे सारे लक्ष नियम पाठ करण्यात जाते. खेळ जुना असेल तर पाय आपोआप धावतात, हात आपोआप उचलले जातात, आणि जे एक वेगळे आहे ते नेमके टोचते. त्या टोचण्यातून प्रश्न येतात. वर्गातल्या एका मुलीने मला विचारलेला पहिला प्रश्न असा होता, “त्यांच्यात मागे बघायला भीती का वाटते?”

मला उत्तर देता आले नाही, म्हणून मी शोधत गेले, विचारत गेले, आणि हा एक खेळ केवढ्या पृथ्वीवर पसरला आहे ते पाहून थक्क झाले. सीमेच्या दोन्ही बाजूंच्या पंजाबात मुले ‘कोकला छपाकी, जुमेरात आई ए’ म्हणतात. जुमेरात म्हणजे गुरुवार, आणि पुढे-मागे पाहणाऱ्याची शामत आली अशी पुढची ओळ आहे. जर्मनीत गाठ मारलेल्या फडक्याला प्लुम्पझाक म्हणतात. तिथली मुले सांगतात की मागे वळू नका, प्लुम्पझाक फिरतो आहे, जो वळेल किंवा हसेल त्याची पाठ निळी होईल. आपल्याकडे आपण पाठीचे धिरडे म्हणतो तसेच. चिलीमध्ये ‘कोर्रे, कोर्रे ला ग्वाराका’ असे म्हणत मुले वर्तुळाभोवती पळतात, आणि मागे पाहणाऱ्याच्या टाळक्यात बसते. हा ग्वाराका शब्द अँडीज पर्वतातल्या केचुआ भाषेतून आला आहे आणि त्याचा मूळ अर्थ गोफण. घानामध्ये अकान भाषकांची मुलेही अशीच गोल बसतात आणि पाठीमागे कापडाचा तुकडा टाकतात. चीन आणि जपानमध्ये रुमालच असतो, पण मारणे नसते, फक्त पाठलाग असतो.

ही सारी नावे मी एका दिवसात मुलांवर ओतली नाहीत. महिन्याला एक, असा क्रम ठेवला. गोफणीची गोष्ट आली तेव्हा लातूरकडच्या एका मुलाने त्याचे आजोबा ज्वारीवरची पाखरे हाकायला गोफण कशी फिरवतात ते उभे राहून दाखवले, आणि लामा व मेंढ्या राखणारा, दगड भिरकावून कळप वळवणारा अँडीजमधला गुराखी वर्गातल्या मुलांना एकदम आपल्या शिवारातला वाटला. नकाशावर चिली दाखवायला मी नंतर गेले. आधी गोफण आणि मग नकाशा, हा क्रम मला आजही महत्त्वाचा वाटतो.

या सगळ्या प्रवासात आपला खेळही मला नव्याने दिसला. इतक्या ठिकाणी पाठीमागे येते ते फडके, कोडा, गोफण. आपल्याकडे मात्र पाठीमागे येते ते पत्र, आणि तेही मामाचे. धपाटा आपल्याही खेळात आहे, तेव्हा आपण अधिक कोमल मनाचे आहोत असा अर्थ मी काढत नाही. पण मामाचे पत्र म्हणजे आईच्या माहेरची खबर असते. सासरी नांदणाऱ्या बाईच्या हाती ती न पडता वाटेत कुठेतरी हरवते, आणि मग मुले ती शोधत गोल गोल धावतात, हे इतकी वर्षे तोंडाने म्हणत असूनही मी कधी मनात आणले नव्हते. नेपाळी मुलीने विचारले, “बाई, पत्र म्हणजे मेसेज का?” गावातल्या मुलांनाही तिला नीट सांगता येईना, कारण त्यांच्यापैकी कोणाच्याही घरी कधी मामाचे पत्र आलेले नव्हते. दुसऱ्या संस्कृतीची ओळख करून देता देता मला माझ्याच संस्कृतीतली एक वस्तू परकी झालेली सापडली. मी टपाल कचेरीतून पन्नास पैशांची पोस्टकार्डे आणली, वर्गातल्या एकतीस मुलांना एकेक दिले, आणि प्रत्येकाने आपापल्या मामाला, आपापल्या भाषेत, शाळेत खेळलेल्या खेळाबद्दल लिहायचे असे ठरले. कन्नड मला येत नाही. कलबुर्गीच्या मुलीने वडिलांकडून अक्षरे गिरवून आणली. परतीचा पत्ता सगळ्यांनी शाळेचाच घातला, कारण पत्र्याच्या खोल्यांच्या वस्तीला पत्ता नव्हता.

याआधी दुसऱ्या एका शाळेत मी ‘देशोदेशीच्या संस्कृती’ असा कार्यक्रम केला होता, आणि तो इथे सांगणे भाग आहे. मुलांना किमोनोसारखे झगे घातले, गालांवर झेंडे रंगवले, एका मुलाच्या कमरेला पाने गुंडाळून त्याला ‘आफ्रिकन’ केले. पालकांनी टाळ्या वाजवल्या आणि छायाचित्रे काढली. दुसऱ्या दिवशी मी मुलांना काय कळले म्हणून विचारले, तेव्हा कोणीतरी म्हणाले, “आफ्रिकेतले लोक पाने घालतात.” पन्नासहून अधिक देशांच्या एका खंडाविषयी मी मुलांच्या मनात ही एक खोटी गोष्ट पेरली होती, आणि ती उपटून काढायला मला पुढे पुष्कळ दिवस लागले. वेश चढवला की मूल दुसऱ्याचे सोंग घेते आणि सोंगात समोरचा माणूस वस्तू होतो. खेळात तसे होत नाही, कारण खेळताना मुलाला दुसऱ्या मुलाचा नियम स्वतःच्या अंगाने पाळावा लागतो. म्हणून आता मी ‘आफ्रिकेतला खेळ’ असे कधी म्हणत नाही. घानातला म्हणते, अकान लोकांचा म्हणते. आणि गाव माहीत असेल तर गावाचे नाव घेते.

सागरगोट्यांवर मला थोडे अधिक लिहायचे आहे, कारण तो माझ्या आजीचा खेळ होता. गुहागरकडच्या आमच्या घराच्या मागे कुंपणाला सागरगोट्याचे काटेरी झुडूप होते. त्याच्या शेंगाही काटेरी असतात आणि पिकून उकलल्या की आत राखाडी रंगाच्या एक-दोन गुळगुळीत, टणक बिया निघतात. आजी त्या पितळी डब्यात ठेवी. पोटदुखीवर उगाळून द्यायलाही त्याच आणि मंगळागौरीच्या दुपारी ओसरीवर खेळायलाही त्याच. एक उडवायचा, तो खाली येईतो जमिनीवरचा एक उचलायचा आणि वरचा झेलायचा. मग दोन दोन, मग तीन, मग सगळे. आजीचा हात खाली गेलेला दिसत नसे, फक्त बियांचा किणकिणाट ऐकू येई.

हाच खेळ कोरियात पाच खड्यांनी खेळतात आणि त्याला गोंगी म्हणतात. एक एक, दोन दोन, तीन आणि एक, चार, असे आपल्यासारखेच टप्पे असतात. शेवटी पाचही खडे उडवून हाताच्या पाठीवर घ्यायचे, तिथून पुन्हा उडवायचे आणि वरच्या वर मुठीत पकडायचे. जितके खडे मुठीत येतील तितके गुण, आणि ते गुण वर्षांमध्ये मोजतात. मी मुलांना एवढीच एक गोष्ट बदलायला सांगितली की आता गुण म्हणायचे नाहीत, वर्षे म्हणायची. त्याचा परिणाम मला अपेक्षित नव्हता. “मी अकरा वर्षांची झाले,” “तू अजून तीनच वर्षांचा,” असे करता करता एका मुलीने चाळीशी गाठली आणि ती हळूच म्हणाली, “आता मी आईपेक्षा मोठी.”

जपानमध्ये खड्यांच्या जागी कापडाच्या लहान पिशव्या असतात. त्यांना ओतेदामा म्हणतात, आणि त्यांत अझुकी नावाचे लालसर कडधान्य भरलेले असते. आज्या नातींसाठी त्या शिवत आणि उडवायला-झेलायला शिकवत. आम्ही वर्गात त्या शिवल्या. मुलींनी आईच्या जुन्या खणाचे तुकडे आणले, मुलांनी शर्टांच्या बाह्या आणल्या, आणि आत आम्ही चवळी भरली, कारण मूठभर चवळी प्रत्येकाच्या घरून येऊ शकत होती. सुई ओवणे काही मुलांना प्रथमच करावे लागले. चवळीची पिशवी तळहातावर पडते तेव्हा सागरगोट्यासारखी टणकन वाजत नाही, ती बसते, जणू थकून बसते. तो फरक हातालाच कळतो, आणि जपानी लहान मुलींची दुपार कशी असेल याची थोडी कल्पना त्या हातातून येते असे मला वाटते.

त्या वेळी मी मुलांना आणखी एक गोष्ट सांगितली, आणि ती सांगावी की नाही याचा मी दोन रात्री विचार केला होता. दुसऱ्या महायुद्धात, १९४४ साली, जपानमधल्या मोठ्या शहरांतून शाळकरी मुलांना बाँबहल्ल्यांपासून वाचवण्यासाठी गटागटाने खेड्यांत पाठवण्यात आले होते. आईवडील दूर, जेवण अपुरे. त्या काळच्या आठवणींत घरून आलेल्या ओतेदामा उसवून भुकेल्या मुलांनी आतले दाणे खाल्ल्याचे उल्लेख येतात. वर्गात शांतता झाली. उसाच्या फडावर सहा महिने काढून आलेले एक मूल होते, त्याने आपल्या पिशवीची शिवण बोटाने चाचपून पाहिली. दुसऱ्याच्या संस्कृतीची ओळख म्हणजे तिची फक्त सणवार आणि पक्वान्ने दाखवणे, असे पुष्कळ पुस्तके मानतात. मला ते पुरेसे वाटत नाही. भूकही सांगितली पाहिजे, फक्त ती मुलाच्या हातात मावेल एवढी असावी.

आजीच्या डब्यातल्या सागरगोट्यांनी मला आणखी दूर नेले. घानामध्ये ओवारे नावाचा एक पटाचा खेळ आहे. समोरासमोर सहा सहा खळग्यांच्या दोन रांगा असतात, प्रत्येक खळग्यात चार बिया, म्हणजे एकूण अठ्ठेचाळीस. आपल्या बाजूच्या एका खळग्यातल्या सगळ्या बिया उचलायच्या आणि पुढच्या खळग्यांत एकेक टाकत जायचे. शेवटची बी प्रतिस्पर्ध्याच्या खळग्यात पडून तिथे दोन किंवा तीन बिया झाल्या की त्या आपल्या. मुलांना हे समजावताना मला ‘पेरणे’ हा शब्द सुचला आणि त्यानंतर काही समजवावे लागले नाही, कारण जुलै महिना होता आणि बाहेर पेरण्या नुकत्याच आटोपल्या होत्या. पटासाठी आम्ही अंड्यांचा तीस खळग्यांचा ट्रे घेतला आणि त्यातल्या सहा सहाच्या दोन रांगा कापल्या. पट पाहताच कलबुर्गीची मुलगी म्हणाली, “हे आमच्या अज्जीकडे आहे, लाकडाचं.” कर्नाटकात त्याला अळगुळी मणे म्हणतात, तमिळनाडूत पल्लांगुळी, आणि त्यांत सहाऐवजी सात सात खळगे असतात. तमिळ खेळात एखाद्या खळग्यात चार बिया जमल्या की त्यांना पसू, म्हणजे गाय, म्हणतात, आणि ती गाय ज्याच्या बाजूची असेल त्याने उचलून घरी न्यायची. गावातली मुले त्या दिवसापासून ओवारेतही गाय शोधू लागली. मी त्यांना थांबवले नाही.

ओवारेचा एक नियम मला अतिशय प्रिय आहे. प्रतिस्पर्ध्याचे सगळे खळगे रिकामे झाले असतील, तर त्याच्या बाजूला बी पडेल अशीच खेळी तुम्ही करायची, ती शक्य असेल तर टाळता येत नाही. समोरच्याला उपाशी ठेवायचे नाही. जिंकायला आलेल्या दोन मुलांना हा नियम पहिल्यांदा अन्यायाचा वाटला. “मग मी कशाला जिंकतोय?” असे एकाने चिडून विचारले. मी त्याला उत्तर दिले नाही, फक्त नियम पुन्हा सांगितला. तीन-चार डावांनंतर तोच मुलगा खेळता खेळता दुसऱ्याला म्हणत होता, “थांब, तुझं संपलंय, तुला देतो.”

हा खेळ पश्चिम आफ्रिकेतून गुलाम म्हणून पकडून नेलेल्या माणसांबरोबर अटलांटिक ओलांडून कॅरिबियन बेटांवर गेला. अँटिग्वा आणि बार्बाडोसमध्ये आजही तो खेळतात आणि तिथे त्याला वारी म्हणतात. जहाजांच्या तळाशी साखळ्यांनी बांधून नेलेल्या त्या माणसांना बरोबर काहीच नेता आले नव्हते, हे मी मुलांना सांगितले. तेव्हा एका मुलाने अगदी रास्त शंका काढली, “मग बिया कुठून आणल्या?” मी आजीचा पितळी डबा उघडला. अँटिग्वाच्या किनाऱ्यावर वारीसाठी ज्या राखाडी बिया वापरतात, त्या सागरगोट्याच्याच. हे झुडूप उष्ण प्रदेशांतल्या समुद्रकिनाऱ्यांवर जगभर उगवते. त्याची बी आतून पोकळ असल्यामुळे पाण्यावर तरंगते आणि महिनोन्‌महिने वाहत जाऊनही रुजू शकते. खेळ माणसांच्या डोक्यातून आला आणि बी किनाऱ्यावर वाट पाहत होती. अशा वाहत आलेल्या बिया स्कॉटलंडच्या पश्चिमेकडील हेब्रिडीज बेटांपर्यंतही पोहोचत, आणि दृष्ट लागू नये म्हणून तिथल्या आया त्या मुलांच्या गळ्यात बांधत, असे १७०३ साली छापलेल्या एका प्रवासवृत्तांतात आले आहे. वाईट दृष्टीने बी काळी पडते अशी तिथे समजूत होती. हे ऐकल्यावर मुलांनी माझे सगळे सागरगोटे उजेडात धरून काळे डाग शोधले.

त्या डब्यात अठ्ठेचाळीस सागरगोटे नव्हते, सव्वीसच होते. उरलेल्या जागी आम्ही चिंचोके घातले.

खेळ एका ठिकाणाहून दुसरीकडे नेताना त्यातले काय गळून पडते याकडेही लक्ष ठेवावे लागते, आणि याचे मोठे उदाहरण आपल्याच घरात आहे. मोक्षपटावर किंवा ज्ञानचौपडीवर प्रत्येक घराला नाव होते, शिडीच्या पायाशी दया किंवा श्रद्धा असे, सापाच्या तोंडाशी क्रोध किंवा लोभ असे, आणि वरच्या टोकाला मोक्ष. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हा पट इंग्लंडमध्ये गेला, तिथल्या नीतिकल्पना काही काळ त्यावर राहिल्या, पुढे त्याही पुसल्या गेल्या, आणि शेवटी नुसते आकडे उरलेली सापशिडी आपल्याकडे परत आली. आपल्या पच्चिसीवरून तिथे बेतलेल्या लुडोचे स्वामित्वहक्क १८९६ साली घेतले गेले, आणि लुडो खेळणाऱ्या मुलाला पच्चिसीच्या कवड्या माहीत नसतात. ओतेदामा शिवताना अझुकीऐवजी चवळी चालते, पण आजीने शिवून द्यायची ही गोष्ट गाळली तर उरते ते चेंडूफेक, असे मला वाटते. म्हणून आता मी प्रत्येक खेळाबरोबर तो कोण कोणाला शिकवते हे मुलांना आधी सांगते.

ठिकरीबद्दल थोडक्यात लिहिते. अर्जेंटिनात तिला रायुएला म्हणतात, पहिले घर जमीन आणि शेवटचे आकाश. आम्ही एकदा खडूने आखले, शेवटच्या घरात ‘आकाश’ लिहिले, आणि त्या दिवशी कोणालाही पहिल्या घराकडे परत यायचे नव्हते.

वर्ष संपायच्या आत, फेब्रुवारीत, सीतामढीच्या मुलाच्या वडिलांचे बांधकामावरचे काम संपले आणि ते कुटुंब गेले. कुठे गेले ते वस्तीत कोणाला नीट सांगता आले नाही. कोणी सुरत म्हणाले, कोणी हैदराबाद. दाखला न्यायलाही कोणी आले नाही. एप्रिलमध्ये, परीक्षांच्या आठवड्यात, पोस्टमनने एक पोस्टकार्ड आणून दिले. वर त्या मुलाचे नाव, ‘कक्षा ४’, आणि आमच्या शाळेचा पत्ता. आधी पाठवलेल्या एकतीस कार्डांपैकी सहांना उत्तरे आली होती. हे सातवे.

मुलांनी आग्रह धरला म्हणून मी त्यांना गोल बसवले आणि ते कार्ड वाचून दाखवले. हिंदीत, मोठ्या वळणदार अक्षरांत, मामाने लिहिले होते की चिठ्ठी मिळाली, सगळे ऐकतील म्हणून अंगणात वाचली. यंदा आंब्याला मोहर भरपूर आहे. आजीचे गुडघे दुखतात. मग खाली, जागा संपत आल्यामुळे बारीक होत गेलेल्या ओळीत, त्याने विचारले होते की तुमच्याकडे कोड्याच्या जागी चिठ्ठी ठेवतात असे तू लिहिलेस, तर ती चिठ्ठी कोणाला सापडते आणि सापडल्यावर तो ती वाचतो की नुसता पळतो, हे नीट कळव.

वर्तुळातल्या मुलांनी त्याला उत्तर लिहिले आहे. सीतामढीच्या मामाचा पत्ता कार्डावर आहे, म्हणून ते तिकडे पाठवले. मुलाच्या वडिलांना ज्याने कामावर लावले होते त्या माणसाचा फोन नंबर मी अजून अधूनमधून लावून पाहते, आणि मामाचे कार्ड माझ्या टेबलाच्या खणात, सव्वीस सागरगोट्यांच्या डब्याशेजारी ठेवले आहे.